मेंदूतला फुगा मनगटातून कसा बंद करतात

"टाके किती पडतील हो?" कॅथलॅबच्या, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी घालून उपचार करतात त्या खोलीच्या, दाराबाहेर बसलेले नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. मी सांगते, एकही नाही. मनगटाला किंवा जांघेत एक बारीक छिद्र, बस. एवढं ऐकलं की सगळ्यांचे खांदे सैल पडतात. कोणीतरी लगेच गावाला फोन लावतो, "काही नाही रे, साध्या अँजिओग्राफीसारखं आहे, चार दिवसांत घरी." आणि मला तिथूनच काळजी वाटायला लागते. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात गेली पंधरा वर्षं मी टेक्निशियन म्हणून त्या दाराच्या आतल्या बाजूला उभी आहे. बाहेरचं छिद्र लहान म्हणून आतलं काम लहान, असं मी एकदाही पाहिलेलं नाही. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतेय.

मेंदूतल्या रक्तवाहिनीला जो फुगवटा येतो त्याला डॉक्टर ॲन्युरिझम म्हणतात. पेशंटशी बोलताना सगळे फुगाच म्हणतात आणि तो शब्द चपखल आहे. सायकलचा टायर एका जागी झिजला की आतली ट्यूब तिथून बाहेर डोकावते, तसंच हे. दाब सगळीकडे सारखाच असतो, भिंत तेवढ्या जागी कमजोर पडलेली असते.

ही कमजोर जागा बहुतेक वेळा फाट्यावर सापडते. मानेतून वर जाणाऱ्या चार रक्तवाहिन्या मेंदूच्या तळाशी एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडं तयार होतं. टॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६६४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला विलिसचं वर्तुळ म्हणतात. या कड्याला जिथे फांद्या फुटतात तिथे रक्ताचा झोत भिंतीवर येऊन आदळतो. चाळीतला नळ आठवा. सरळ पाइप क्वचित फुटतो, गळती लागते ती टीच्या नाहीतर एल्बोच्या जोडावर. त्यातून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत शरीरातल्या तेवढ्याच जाडीच्या इतर रक्तवाहिन्यांपेक्षा पातळ असते, आणि आजूबाजूला आधाराला स्नायू नसतात, नुसतं पाणी असतं.

दर १०० मोठ्या माणसांत साधारण ३ जणांच्या डोक्यात असा फुगा असतो. म्हणजे संध्याकाळच्या विरार लोकलच्या एका खच्चून भरलेल्या डब्यात असे आठ-दहा जण सहज उभे असतील. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही, त्यांना ते कळतही नाही. वाढलेलं बीपी आणि सिगारेट-बिडी ही फुगा येण्याची आणि फुटण्याची मोठी कारणं. बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. काही घराण्यांत ते चालत येतं, आणि किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा जो आनुवंशिक आजार आहे त्याच्या जोडीनेही येतं.

फुटतो तेव्हा मात्र गोष्ट मिनिटांची होते. मेंदूभोवतीच्या पाण्यात रक्त पसरतं आणि डोकं असं दुखतं की पेशंट म्हणतो, कोणीतरी आतून घण घातला. एका क्षणात सुरू होऊन त्याच मिनिटात टोकाला पोचलेली डोकेदुखी, सोबत उलटी, मान आखडणं, कधी शुद्ध हरपणं. आपल्याकडे इथे एक घात होतो. घरचे म्हणतात, पित्त उठलंय. आल्याचा रस देतात, डोक्याला बाम चोळतात, अंधाऱ्या खोलीत झोपवतात. ज्यांना आधीपासून अर्धशिशी आहे त्यांच्या बाबतीत तर कोणाला शंकाच येत नाही. पण अर्धशिशीवाला माणूस स्वतः सांगतो, "हे नेहमीचं नाही." त्याचं ऐका. त्या वाक्यावर १०८ ला फोन करा आणि जिथे चोवीस तास सीटी स्कॅन चालू असतो तिथे न्या. पहिल्या सहा तासांत काढलेल्या सीटीत हे रक्त जवळजवळ नेहमी दिसतं. उशीर झाला की ते दिसेनासं होत जातं, मग पाठीतून पाणी काढून तपासावं लागतं. फुगा फुटलेल्या माणसांपैकी ढोबळ मानाने तिघांतला एक दगावतो. जे वाचतात त्यांना पहिल्या चोवीस तासांत पुन्हा फुटण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. म्हणूनच फुगा लवकरात लवकर बंद करायची धावपळ चालते.

कधी फुगा फुटायच्या आधी इशारा देतो. लालबागच्या एका काकूंची डावी पापणी दोन दिवसांत खाली आली आणि डोळ्यामागे ठणकायला लागलं. त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, त्या डोळ्याची बाहुली मोठी होऊन बसली होती, उजेडालाही आकसत नव्हती. त्यांनी चष्म्याचा नंबर न काढता काकूंना त्याच दिवशी मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्या माणसाचे उपकार आहेत. डोळ्याची नस जिथून जाते तिथेच कॅरोटिड या मानेतून मेंदूत जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीवर १४ मिलिमीटरचा फुगा वाढून त्या नसेवर दाब देत होता.

आता उपचार. जुना आणि आजही पक्का मार्ग म्हणजे कवटी उघडून फुग्याच्या मानेला बाहेरून चिमटा लावणं. बाल्टिमोरला वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये चांदीचा चिमटा लावून हे पहिल्यांदा केलं. दुसरा मार्ग आतून जाण्याचा. त्यासाठी रक्तवाहिन्या पडद्यावर दिसणं गरजेचं होतं, ते लिस्बनच्या एगाश मोनिश यांनी १९२७ मध्ये शक्य केलं होतं. पण आत पोचून करायचं काय, याचं चांगलं उत्तर मिळायला साठ वर्षं गेली. ग्विडो गुल्येल्मी या इटालियन डॉक्टरने लॉस एंजेलिसमध्ये प्लॅटिनमची मऊ कॉइल तयार केली आणि १९९० मध्ये पहिल्या पेशंटमध्ये वापरली. कॉइल फुग्यात नीट बसली की तिला ढकलणाऱ्या तारेतून अगदी बारीक विद्युतप्रवाह सोडायचा, जोड विरघळतो, कॉइल आत राहते. मनासारखी बसली नाही तर प्रवाह सोडायच्या आधी परत ओढून घेता येते. सगळी गंमत या परत घेता येण्यात आहे.

प्रशिक्षणासाठी मिळालेली एक कॉइल माझ्याकडे आहे. नवीन नर्स आली की मी ती स्टीलच्या वाटीत पाण्यात सोडून दाखवते. नळीतून बाहेर येताना ती शिवणाच्या दोऱ्यासारखी सरळ दिसते, आणि पाण्यात शिरताच आपली आपण वेटोळं घेते. केसासारख्या बारीक प्लॅटिनमच्या तारेला स्प्रिंगसारखं गुंडाळून ती बनवलेली असते. बोटाने दाबली तर जाणवतही नाही, इतकी मऊ. फुग्याची भिंत ओल्या कागदासारखी असते, तिला टोचून चालत नाही. एकात एक अशा अनेक कॉइल भरत गेलं की आतलं रक्त थांबतं, गोठतं, आणि झोत भिंतीपर्यंत पोचत नाही.

२००२ मध्ये २,१४३ पेशंटचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुगा फुटलेला आहे आणि दोन्ही पद्धतींनी बंद करता येईल, अशाच लोकांना त्यात घेतलं होतं. वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबी होण्याचं प्रमाण कॉइलवाल्यांत १०० मागे साधारण २४ होतं आणि चिमटेवाल्यांत ३१. तिथून जगभर वारं फिरलं. पण "दोन्ही पद्धतींनी करता येईल अशाच लोकांना" हे शब्द कोणी वाचत नाही, आणि अवघड फुग्यांचा प्रश्न नेमका तिथे सुरू होतो.

अवघड म्हणजे काय, ते भांड्यांवरून सांगते. काही फुगे गडूसारखे असतात, पोट मोठं आणि मान अरुंद. त्यात भरलेली कॉइल बाहेर येत नाही. काही वाटीसारखे पसरट तोंडाचे असतात. मान ४ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असली, किंवा पोट मानेच्या दुप्पटही नसलं, की त्याला रुंद मानेचा म्हणतात. त्यात कॉइल सोडली तर ती मूळ रक्तवाहिनीत घसरून पुढचा रक्तपुरवठा अडवू शकते. काही ठिकाणी मानच नसते, सगळी रक्तवाहिनीच मध्ये पोट सुटल्यासारखी फुगलेली असते. काही फुगे २५ मिलिमीटरच्या वर जातात, छोट्या लिंबाएवढे, त्यांना महाकाय म्हणतात. आणि काहींच्या अंगावरूनच मेंदूच्या महत्त्वाच्या भागाला जाणारी एखादी बारीक फांदी निघते. फुगा बंद करायचा पण ती फांदी उघडी ठेवायची, हे सगळ्यात कठीण.

वाटीसारख्या फुग्यावर पहिला तोडगा तळहाताचा. आपण वाटीच्या तोंडावर तळहात धरून भरतो तसा, मूळ रक्तवाहिनीत एक मऊ बलून थोडा वेळ फुगवून फुग्याचं तोंड झाकायचं, तेवढ्यात आत कॉइल रचायच्या, मग बलून काढून घ्यायचा. दुसरा तोडगा जाळीचा. तोंडासमोर स्टेंटची जाळी कायमची बसवायची, कॉइल तिच्यामागे अडकून राहतात. जिथे रक्तवाहिनी दुभंगते त्या बेचक्यातल्या फुग्यासाठी तारांचा विणलेला छोटा चेंडू मिळतो. तो फुग्याच्या आतच उघडतो आणि तोंड आतून झाकतो.

तिसरा तोडगा मला सगळ्यात बुद्धिमान वाटतो. त्याला फ्लो डायव्हर्टर म्हणतात, म्हणजे प्रवाह वळवणारी जाळी. अमेरिकेत २०११ मध्ये मंजुरी मिळालेली पाइपलाइन नावाची जाळी ४८ तारांची विणलेली आहे. यात फुग्याला हातच लावायचा नाही. मूळ रक्तवाहिनीत, फुग्याच्या तोंडावरून, ही दाट विणीची नळी उघडायची. रक्त सरळ पुढे निघून जातं, फुग्यात शिरणारा झोत मंदावतो. ओढ्याच्या वळणावर पाणी साचून राहिलं की गाळ बसतो, तसं आतलं रक्त हळूहळू गोठत जातं. पुढच्या काही महिन्यांत रक्तवाहिनीचं स्वतःचं अस्तर जाळीवरून वाढत जातं आणि ते तोंड शरीरच लिंपून टाकतं. मग शेजारच्या चांगल्या फांद्या बंद का होत नाहीत? कारण फांदीच्या पुढे मेंदूचा जिवंत भाग रक्त ओढत असतो, जाळीच्या भोकांतून तिथे प्रवाह चालूच राहतो. फुग्याच्या पुढे ओढणारं कोणी नाही.

पण "हळूहळू" हा शब्द विसरू नका. या जाळीच्या मंजुरीआधीच्या १०८ पेशंटच्या अभ्यासात सहा महिन्यांनी १०० मागे साधारण ७४ फुगे पूर्ण बंद झाले होते. पाच वर्षांनी ज्यांची तपासणी झाली त्यांच्यात हे प्रमाण ९५ होतं. आणि त्याच अभ्यासात १०० मागे पाच-सहा जणांना मोठा पक्षाघात झाला किंवा मेंदूच्या कारणाने मृत्यू आला. हे मोठे, रुंद मानेचे, इतर उपायांना दाद न देणारे फुगे होते, त्या मानाने हा निकाल चांगला आहे. पण सही करताना नातेवाइकांना हा आकडा माहीत असावा, असं मला मनापासून वाटतं.

आत काय चालतं, तेही सांगते. रक्तवाहिन्यांना आतून स्पर्श कळत नाही, तरी पूर्ण भूल देतात, कारण मिलिमीटरभर हललेलंही चालत नाही. मनगटातून किंवा जांघेतून नळी महाधमनीत, तिथून मानेत. तिच्या आतून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पोकळी असलेली दुसरी नळी पुढे सरकते. एक एक्स-रे कॅमेरा समोरून, दुसरा बाजूने. यंत्र हाडांची सावली वजा करून फक्त रक्तवाहिन्या दाखवतं. त्या नकाशावर डॉक्टर तार फिरवतात, बोटांच्या पेरांत, एका वेळी केसभर.

या सगळ्यात माझं एक काम बाहेरून कोणाला दिसणार नाही. प्रत्येक नळीतून दाबाने सलाइन चालू ठेवलेलं असतं, नाहीतर नळीतच रक्त गोठेल. सुरू करायच्या आधी मी प्रत्येक लाइन उजेडासमोर धरते आणि नखाने टिचक्या मारत बुडबुडे वर घालवते. हाताच्या सलाइनमध्ये एखादा बारीक बुडबुडा गेला तर शरीर सांभाळून घेतं. इथून गेला तर तो सरळ मेंदूत जातो. पंधरा वर्षांत शेकडो वेळा केलं, पण या टिचक्या मारताना मी अजूनही कोणाशी बोलत नाही.

दोन ते चार तास लागतात, कधी जास्त. धोके कोणते? गुठळी होऊन पक्षाघात, काम चालू असताना फुगा फुटणं, जांघेत रक्तस्राव, रक्तवाहिन्या पडद्यावर दिसाव्यात म्हणून सोडलेल्या डायमुळे किडनीवर ताण. फुटलेल्या फुग्यात बंद करून झाल्यावरही दोन आठवडे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसण्याची भीती असते. म्हणून निमोडिपिन नावाची गोळी २१ दिवस देतात आणि आयसीयूतला मुक्काम लांबतो. "छिद्र तर एवढंसं, मग अजून सोडत का नाहीत?" याचं उत्तर तेच.

आणि आता गोळ्या. कोणतीही जाळी बसवली की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या लागतात, बहुधा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. फुटलेला नसेल तर त्या काही दिवस आधीपासून सुरू करतात. अस्तर वाढेपर्यंत जाळी म्हणजे रक्तातली उघडी धातूची वस्तू, तिच्यावर गुठळी व्हायला वेळ लागत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांच्या यकृतात क्लोपिडोग्रेलचं रूपांतर नीट होत नाही, तिचा परिणाम कमी पडतो. म्हणून रक्त तपासून गरज पडली तर दुसरी गोळी देतात. ताज्या फुटलेल्या फुग्यात डॉक्टर शक्यतो जाळी का टाळतात, तेही यावरून लक्षात येईल. एकीकडे नुकतंच रक्त वाहिलंय आणि दुसरीकडे रक्त पातळ ठेवायचं.

गिरगावातले एक गृहस्थ जाळी बसवून ठणठणीत घरी गेले. दीड महिन्याने दाढ दुखायला लागली. दाढ काढायची तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करा, असं त्यांना दातांच्या दवाखान्यात सांगितलं गेलं आणि त्यांनी दोन्ही बंद केल्या. आम्हाला फोन केला नाही. डोक्यावर ना व्रण, ना टाका, आपलं मोठं काही झालंय याची खूणच त्यांच्याजवळ नव्हती. सहाव्या दिवशी सकाळी हातातला कप निसटला आणि बोलणं तोतरं झालं. जाळीत गुठळी झाली होती. आम्ही ती काढली. बोलणं बरंचसं परत आलं, अक्षर आलं नाही. ते बँकेत होते, सही बदलावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येक घरच्या माणसाला दोनदा सांगते. दात असो, मूळव्याध असो, उपास असो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक डोसही चुकवायचा नाही. जाळीचं जे कार्ड मिळतं ते पाकिटात ठेवायचं आणि कुठल्याही दवाखान्यात आधी तेच पुढे करायचं.

प्रत्येक फुग्याला हात लावायचा असतो असंही नाही. लहान, गुळगुळीत, योगायोगाने सापडलेल्या फुग्यावर पुष्कळदा फक्त लक्ष ठेवतात. आणि कवटी उघडणं म्हणजे मागासलेपण, ही समजूत तर डोक्यातून काढूनच टाका. मेंदूच्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीच्या फाट्यावरचा रुंद मानेचा फुगा, किंवा फुगा फुटून आत रक्ताची मोठी गाठ झाली असेल, तर आजही अनेकदा चिमटाच सरस ठरतो. म्हणून मी विचारणाऱ्याला सांगते, जिथे दोन्ही करणारे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात तिथे जा. तुमच्याकडे वर्षाला अशा किती केसेस होतात, हे तिथे विचारायला लाजू नका.

पैशाचं स्पष्ट बोलते. कॉइल आणि जाळ्या बहुतेक बाहेरून येतात, आणि एका फ्लो डायव्हर्टरचा खर्च लाखांत जातो. केईएम हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर चटई टाकून बसलेली माणसं बघा, कोकणापासून विदर्भापर्यंतची असतात, आणि आजारापेक्षा या आकड्याने जास्त खचलेली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमच्या केसमधलं काय बसतं, ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड लागतं, ते गावाहून मागवण्यात दोन दिवस जातात. समाजसेवा विभाग सिद्धिविनायकसारख्या ट्रस्टना अर्ज करायलाही मदत करतो.

लालबागच्या काकू जाळी बसवल्यावर सहा महिन्यांनी चेक अँजिओला आल्या. पापणी जवळजवळ वर आली होती. पडद्यावर डाय सोडला तेव्हा फुग्याच्या जागी मानेपाशी नखाच्या कोरीएवढी चंद्रकोर उरलेली दिसली, बाकी काही नाही. डॉक्टरांनी दुसरी गोळी थांबवली, ॲस्पिरिन चालू ठेवली आणि वर्षाने पुन्हा बोलावलं.

टेबलावरून उतरताना काकू म्हणाल्या, "एक विचारू? माझी आई चिपळूणला अशीच गेली. चुलीसमोर बसली होती, डोकं धरलं आणि आडवी झाली. पंचेचाळीसची होती. माझ्या धाकट्या बहिणीने तपासून घ्यावं का?" सहा महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं, त्यांनीही सांगितलं नव्हतं. सख्ख्या नात्यात दोघांना फुगा असेल तर बाकीच्यांची तपासणी करावी असं सांगतात. आईचं नक्की निदान कधी झालं नाही, पण हकिगत ऐकून डॉक्टरांनी लगेच हो म्हटलं. बहीण पुढच्याच महिन्यात कोकण रेल्वेने आली. एमआर अँजिओग्राफीला ना सुई लागते ना भूल, अर्ध्या-पाऊण तासात झाली. डोक्यात काही निघालं नाही. बीपी मात्र वरचं १७० निघालं, आणि ते कधी कोणी मोजलंच नव्हतं. त्याची गोळी त्याच संध्याकाळी सुरू झाली.